‘आयएनजी’ची जुनी गोष्ट

मुलाखतीत "आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन" म्हटलं की समोरचे गालात हसतात. का हसतात, ते मात्र कुणी सांगत नाही. पुढच्या वेळी मग बाई तोंडच उघडत नाही. म्हणून आज आम्ही या ‘आयएनजी’चा, म्हणजे इंग्रजीतल्या चालू काळाचा इतिहास सांगणार आहोत.

शेक्सपिअरने १६००च्या सुमारास ‘हॅम्लेट’ लिहिलं. त्यात हॅम्लेट पुस्तक वाचत असतो आणि म्हातारा पोलोनियस विचारतो, काय वाचताय? आज तिथे ‘रीडिंग’च लागेल. पोलोनियस साधं ‘रीड’ वापरतो. तेव्हा दोन्ही चालायचं.

घर बांधलं जात असेल तर त्या काळचे इंग्रज म्हणत, "द हाऊस इज बिल्डिंग". जणू घर स्वतःच विटा रचतंय! आपण शाळेत शिकलेलं "इज बीइंग बिल्ट" हे रूप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागलं. कवी रॉबर्ट सदी यांच्या १७९५च्या एका पत्रात ते आहे, आणि तेही कुणाची तरी दाढ उपटली जात असल्याच्या वर्णनात. विद्वान खवळले. अमेरिकेत रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी १८७०च्या ‘वर्ड्स अँड देअर यूझेस’ या पुस्तकात या रूपाविरुद्ध अख्खं प्रकरण लिहिलं. लोकांनी ऐकलं नाही. तेच रूप आज परीक्षेत मार्क मिळवून देतं.

आता आपल्याकडे. "आय ॲम नोइंग" ही मातृभाषेची छाप, असं सरसकट म्हणतात. पण मराठीत आपण ‘मी जाणत आहे’ कुठे म्हणतो? ‘मला माहीत आहे’ म्हणतो. आम्हाला वाटतं, गोम त्या ‘आहे’त असावी. ‘आहे’ दिसलं की ‘ॲम’ ठोकायचं, आणि ‘ॲम’ आलं की मागोमाग ‘आयएनजी’. मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता याच बोलीत रचली. वाचताना हसू येतं, थोडं बोचतंही.

इंग्रजीचा आजचा रिवाज असा: चाललेल्या कामाला ‘आयएनजी’ लावायचं, माहीत असणं, आवडणं, जवळ असणं या स्थितींना सहसा नाही. सहसा म्हणायचं कारण, २००३पासून मॅकडोनाल्ड्सच्या पाट्यांवर ‘आय ॲम लव्हिंग इट’ झळकलं आणि त्याला कुणी नापास केलं नाही.

तरी मुलांच्या बाबतीत "आय हॅव टू चिल्ड्रन" एवढंच म्हणा. कारण इंग्रजीत "आय ॲम हॅविंग अ बेबी" म्हणजे मला बाळ होणार आहे. तुम्ही सांगता घरच्या दोन शाळकरी मुलांबद्दल, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंना जुळं होणार!