खानदेशांतील काळी, पांढरी आणि उपग्रहांचा दाखला

जुन्या कागदांत गांवची जमीन काळी व पांढरी अशी द्विविध येते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हा भेद केवळ बोलण्यांतला नव्हे, तो मातीचाच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुना व ढासळलेल्या भिंती यांनीं वस्तीची माती पांढुरकी होते. गिरणाकांठीं बहाळ येथें म. न. देशपांडे यांनीं १९५२-५३ व १९५६-५७ सालीं आणि तापीकांठीं प्रकाशें येथें बी. के. थापर यांनीं १९५५ सालीं ताम्रपाषाणयुगापासूनचे थर उघडे केले, ते वस्तीच्या टेकाडांतच.

हा भेद आकाशांतून कळेल काय? खानदेशची काळी बेसाल्ट झिजून झालेली. तींत माँटमोरिलोनाइट हें मृत्तिका-खनिज विपुल. उन्हाळ्यांत शेताला भेगा पडतात त्या त्याच्यामुळेंच. सुमारें २.२ मायक्रॉन लांबीचे अवरक्त किरण हें खनिज शोषतें, चुना सुमारें २.३४ चे शोषतो. १९८२ च्या लँडसॅट-४ चा एकच पट्टा २.०८ ते २.३५ पर्यंतचा असल्यानें दोन्ही खुणा त्यांत मिसळत. १९९९ सालीं टेरा उपग्रहावर गेलेल्या ॲस्टर यंत्रांत या दोहोंस निरनिराळे पट्टे होते. २००८ पासून ते निकामी झाले. परंतु तत्पूर्वींचीं चित्रें शिल्लक आहेत, व इतिहाससंशोधकास तें एक दप्तरच होय.

मात्र हें दप्तर जपून वाचिलें पाहिजे. किरणांस मातीची वरची कातडीच दिसते. हिरव्या पानांतील पाणीहि मृत्तिकेसारखा भास उत्पन्न करतें, म्हणून चित्र वैशाखाचें घ्यावें. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत तेंहि निरुपयोगी. चित्रांतील एक घर ३० मीटरांचें, त्यांत लहानशी वाडी हरवते. शिवाय तापीच्या गाळांतील चुनखडीचे खडे पांढरीसारखेच चमकतात. यास्तव जागेवर खापर मिळाल्यावांचून कोणतीहि खूण वस्तीची मानूं नये.

तरीहि विलंब परवडणारा नाहीं. धाब्यावर व भिंतींस घालण्यास पांढरी खणून नेण्याची चाल जुनीच. आतां यंत्रांनीं टेकाडें सपाट होतात. १८०३-०४ चा दुष्काळ व त्या काळची लूट यांनीं खानदेशांत पुष्कळ गांवें उजाड झालीं. दप्तरांत बेचिराख म्हणून नोंदलेल्या मौजांच्या पांढरी या चित्रांत प्रथम शोधाव्या, आणि सांपडतील त्या जागीं पुढच्या उन्हाळ्यापूर्वीं कोणी जाऊन यावें.