आक्रमकता व्यवस्थापन (मनोरुग्ण परिचर्या)
मनोरुग्णाचा राग, आक्रमक वर्तन व हिंसा ओळखून ती आटोक्यात आणण्याची परिचर्या. बहुसंख्य मनोरुग्ण हिंसक नसतात; भास, संशयभ्रम, उन्माद, दारूचे व्यसन सुटतानाची अवस्था किंवा वेदना यांमुळे काहींचा तोल जातो. वॉर्डातली गर्दी, लांबलेली प्रतीक्षा आणि कर्मचाऱ्यांचा तुसडेपणाही तितकाच कारणीभूत असतो, हे मात्र केसपेपरवर क्वचितच लिहिले जाते.

येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, चढलेला आवाज किंवा अचानक आलेले मौन ही पूर्वलक्षणे होत. अशा वेळी एकाच परिचारिकेने बोलावे. आवाज खालचा, वाक्ये छोटी ठेवावीत. हातभर अंतराच्या पलीकडे, किंचित बाजूला उभे राहावे आणि दोघांनाही दाराची वाट मोकळी असावी. भ्रमाबद्दल वाद घालू नये. पाणी, शांत जागा वा गोळी असे खरे पर्याय द्यावेत. संवाद थकला, तरच डॉक्टरांच्या आदेशाने लोराझेपाम किंवा हॅलोपेरिडॉल-प्रोमेथॅझिनचे इंजेक्शन देतात. नंतर श्वसन, नाडी व रक्तदाब तपासत राहणे अनिवार्य असते.

रुग्णाला बांधून ठेवणे जीवघेणे ठरू शकते: तमिळनाडूतील एरवाडीत 2001 मध्ये लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले 28 रुग्ण दगावले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार साखळ्या व एकांतकोंडी यांना बंदी आहे. शारीरिक बंधन तात्कालिक इजा टाळण्याचा एकमेव उपाय असेल, तरच आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनेच वापरता येते. त्याची नोंद ठेवून 24 तासांत रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवावे लागते. कर्मचारी कमी आहेत, ही सबब कायदा मानत नाही.