यकृतावरील व्रण : पितळेच्या भांड्यापासून वारेतील मूलपेशींपर्यंत

प्रस्तावना

प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेतील मूलपेशी वापरून यकृताचा सिऱ्हॉसिस बरा करता येईल काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. विज्ञानाच्या अध्यापकांना तो विद्यार्थी विचारतात, तसेच घरात रुग्ण असलेले पालकही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर देताना पुण्यात घडलेला एक इतिहास मार्गदर्शक ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

यकृतावर व्रण कसे पडतात?

यकृताला सतत इजा होत राहिली की त्यातील तारकाकृती पेशी जागृत होतात आणि कोलॅजेनचे तंतू तयार करू लागतात. जखम भरण्याचीच ही क्रिया आहे. परंतु इजा थांबली नाही तर तंतूंचे जाळे वाढते, रक्तप्रवाहास अडथळा होतो आणि यकृत कठीण बनते. या शेवटच्या अवस्थेस सिऱ्हॉसिस म्हणतात. मद्य, कावीळ ब आणि क यांचे विषाणू व यकृतातील चरबी ही त्याची परिचित कारणे होत.

पुण्यातील संशोधन

भारतात याखेरीज लहान मुलांचा एक वेगळा सिऱ्हॉसिस होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यातील डॉक्टरांनी त्याची नोंद केली होती. एक ते तीन वर्षांच्या मुलांचे पोट फुगे, यकृत टणक होई, पुढे कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. एकाच घरात एकापाठोपाठ भावंडे गेल्याने हा आजार आनुवंशिक मानला जाई.

1979 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण फार वाढलेले असल्याचे प्रसिद्ध झाले. हे तांबे येते कोठून, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह घेतला. उत्तर स्वयंपाकघरात सापडले. बाळाला वरचे दूध लवकर सुरू केले जाई आणि ते कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवून साठवले जाई. दूध भांड्यातील तांबे ओढून घेते. 1983 मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1987 मध्ये आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करून त्यास बळकटी देण्यात आली.

त्याच वर्षी उपचारासंबंधीचे निष्कर्षही आले. शरीरातील तांबे बाहेर काढणारे डी-पेनिसिलामाईन हे औषध मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांची तुलना करण्यात आली. आजार फार पुढे जाण्यापूर्वी औषध सुरू झाल्यास मुले वाचू शकतात, असे दिसले. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन पाहणीत तर वाचलेल्यांपैकी काही मुलांचे यकृत जवळजवळ पूर्ववत झाल्याचे आढळले. सिऱ्हॉसिसचे व्रण कधीच मागे हटत नाहीत, या समजुतीला हा मोठा धक्का होता.

अशीच घटना युरोपातही घडली होती. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच आजाराने दगावल्याची नोंद आहे. तांब्याची भांडी मागे पडली तसा तेथील आजारही संपला. आपल्याकडे स्टीलची भांडी आली, आहाराविषयी मातांचे प्रबोधन झाले आणि हा आजार दुर्मिळ झाला. धारवाड-बेलूर भागातील जुन्या घरांतही पितळी पातेली आणि कल्हईवाला परिचित होते. म्हणून हा इतिहास आपल्यालाही परका नाही.

वारेतील मूलपेशी

वारेच्या आतील पातळ पडद्यातील पेशींवर मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात संशोधन झाले. या पेशी दिल्यावर उंदरांच्या यकृतातील दाह व तंतू कमी झाले. त्या पेशींपासून नवे यकृत तयार होते असे नव्हे. मुख्यतः त्यांच्यातून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे दाह शमतो, असे मानले जाते. परंतु उंदरातील यश म्हणजे माणसातील उपचार नव्हे. 2018 मध्ये ब्रिटनमध्ये सिऱ्हॉसिसच्या 81 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णांच्या स्वतःच्या रक्तातील मूलपेशी वापरल्या होत्या. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा लाभ दिसला नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2007 च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ‘उपचार’ हा शब्द होता. 2013 मध्ये तो वगळण्यात आला. 2017 च्या तत्त्वांनुसार रक्ताच्या व प्रतिकारशक्तीच्या ठराविक विकारांसाठी होणारे रोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेणे योग्य नाही, हेही अध्यापकांनी लक्षात ठेवावे.

समारोप

पुण्यातील संशोधकांनी आधी कारण शोधले, मग तुलना केली, रुग्णांची वर्षानुवर्षे पाहणी केली आणि नंतरच दावा केला. वारेतील मूलपेशी उद्या या कसोटीला उतरतीलही, आणि तसे झाले तर ते स्वागतार्हच आहे. तोपर्यंत दागिने मोडून, शेत विकून अशा उपचारामागे निघालेल्या पालकाने आपल्याला सल्ला विचारला, तर दोन प्रश्न त्याच्या हाती द्यावेत : यकृताला इजा करणारे मूळ कारण थांबले काय? आणि हा उपचार घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी कोणी, कोठे केली आहे?