टाके सुकले, धास्ती कायम
ग्रामीण हृदयरुग्णांच्या मनाकडे दुर्लक्ष

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला ग्रामीण रुग्ण शहरातील रुग्णालयातून गावी परततो, तेव्हा त्याच्यापाशी एक फाइल, गोळ्यांची पिशवी आणि 'जड काम करू नका' असा सल्ला असतो. कचेरीत बसणाऱ्या नोकरदाराला हा सल्ला पाळणे फारसे अवघड नाही. ज्याचे जगणेच जड कामावर उभे आहे, त्या शेतकऱ्याला किंवा ऊसतोड मजुराला मात्र तो घरी बसण्याच्या शिक्षेसारखा वाटतो. औत कधी धरावे, पाण्याने भरलेली घागर कधी उचलावी, फवारणीचा पंप पाठीवर कधी घ्यावा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. परिणामी तो काहीच करीत नाही. शरीर सावरत जाते, मन मात्र खचत जाते.

झटक्यानंतर मनाची अवस्था बिघडणे अपवादात्मक नाही. अशा साधारण पाच रुग्णांपैकी एकाला उपचारांची गरज भासावी इतके नैराश्य येते, असे विविध देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. मॉन्ट्रियल येथील नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये २२२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. झटक्यानंतरच्या सहा महिन्यांत नैराश्यग्रस्त रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये नैराश्याला अशा रुग्णांसाठी जोखमीचा घटक मानण्याची शिफारस केली. म्हणजेच हा प्रश्न केवळ 'बरे वाटण्याचा' नाही, तो जगण्या-मरण्याचा आहे.

यामागचे कारण समजण्यास सोपे आहे. उदास झालेला माणूस चालणे सोडतो, तंबाखूकडे पुन्हा वळतो आणि 'आता काय उपयोग' म्हणून गोळ्या थांबवतो. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत रक्ताची गुठळी रोखणारी औषधे अचानक बंद झाली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते.

काळजाची भाषा

ग्रामीण रुग्ण 'नैराश्य' हा शब्द क्वचितच उच्चारतो. जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन तो डॉक्टरांकडे जातो. या सर्व तक्रारी हृदयविकाराच्याही असू शकतात. ईसीजी काढला जातो, तो ठीक येतो आणि 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असे सांगून त्याची बोळवण होते. फार तर झोपेची गोळी लिहून दिली जाते. त्या गोळीची सवय लागते, मूळ दुखणे तसेच राहते. याच्या उलट प्रकार अधिक घातक ठरतो. विशेषतः स्त्रियांच्या छातीतील खरी कळ 'गॅस' किंवा 'मनाचे खेळ' म्हणून दुर्लक्षिली जाते.

स्त्रियांची आणखी एक व्यथा आहे. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेल्या अनेक मुली ग्रामीण भागात आढळतात. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे आणि लग्न जुळेपर्यंत ते लपवायचे, अशी ही दुहेरी कसरत असते. कृत्रिम धातूची झडप बसवली, की रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते, वारंवार रक्ततपासणी करावी लागते आणि गर्भारपण जोखमीचे ठरते. सासरी हे उघड होईल ही भीती काहींना आजारापेक्षा मोठी वाटते. त्या भीतीपोटी इंजेक्शन चुकते, गोळी चुकते.

पैशाचा भारही मनावरच येतो. राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढील वर्षी सर्वत्र लागू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनआरोग्य योजनेमुळे अँजिओप्लास्टी व बायपास अनेकांच्या आवाक्यात आल्या, हे निर्विवाद. परंतु सोबत राहणाऱ्या नातलगाची बुडालेली मजुरी आणि तपासणीसाठीच्या फेऱ्यांचा खर्च घरालाच सोसावा लागतो. आपल्यापायी घर कर्जात गेले, ही बोचणी कोणत्याही फाइलमध्ये नोंदली जात नाही.

उपाय आहेत

ही मदत महागडी असायलाच हवी असे नाही. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटेनासा झाला आहे का आणि मन उदास किंवा निराश असते का, या दोन प्रश्नांनी प्राथमिक चाचपणी होऊ शकते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची गरज नाही, परिचारिका किंवा आशा कार्यकर्तीही ते विचारू शकते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' उपक्रमाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांवर भिस्त ठेवली. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण त्यातून ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. हा उपक्रम केवळ हृदयरुग्णांसाठी नव्हता, तथापि त्याची पद्धत त्यांनाही लागू पडण्याजोगी आहे.

देशातील २४ रुग्णालयांत झटक्यानंतर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. मात्र रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटू लागली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. गावाकडच्या रुग्णाला नेमके हेच हवे असते.

औषधांबाबतही भीती बाळगण्याचे कारण नाही. सर्ट्रालीनसारखे नैराश्यावरील औषध हृदयरुग्णांसाठी सुरक्षित असल्याचे २००२ मधील चाचणीत दिसले. काही जुनी औषधे मात्र झटक्यानंतर टाळावी लागतात, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. बायपासनंतर छातीचे हाड जुळून येण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात, त्यानंतर वजन टप्प्याटप्प्याने वाढवता येते. घरी सोडतानाच डॉक्टरांनी शेतीच्या कामांची नावे घेऊन हे समजावले, तर निम्मी धास्ती तिथेच ओसरेल.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. मात्र छातीत दाब येऊन घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकली, तर ती भीती समजून वाट पाहू नये. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाच बोलवावी.