विस्फारण

विस्फारण : एखादे छिद्र, पोकळी किंवा आकृती रुंदावणे अथवा रुंदावून घेणे. वैद्यकात डोळ्याची बाहुली, गर्भाशयाचे तोंड, रक्तवाहिन्या व हृदयाचे कप्पे यांच्या संदर्भात, तर गणितात आकृत्या, प्रतिमा व ऑपरेटर यांच्या संदर्भात ही संज्ञा येते. डॉक्टर मोजतात व्यास. परिणाम मात्र व्यासाच्या वर्गाने, कधी चौथ्या घाताने बदलतात. म्हणून दोन्ही अर्थ एकत्र पाहणे सोयीचे.

जालना शहराच्या जुना जालना भागातल्या माणसाची विस्फारणाशी गाठ बहुधा डोळे तपासताना पडते. मधुमेही रुग्णाचा दृष्टिपटल पाहायचा तर आधी बाहुली मोठी करावी लागते. शहरातल्या श्री गणपती नेत्रालयासारख्या नेत्ररुग्णालयांत हे रोजचेच काम. ट्रॉपिकामाइडचे थेंब बाहुली आवळणाऱ्या स्नायूला सैल करतात, फेनिलेफ्रिन ती रुंदावणाऱ्या स्नायूला ओढ देते. वीस-तीस मिनिटांत बाहुली मोठी होते. पुढचे चार ते सहा तास ऊन बोचते, जवळचे अक्षर धूसर दिसते, आणि एकट्याने दुचाकीवर आलेल्याची पंचाईत होते. बाहुली ३ मिमीवरून ७.५ मिमी झाली तर व्यास अडीचपट, पण क्षेत्रफळ ६.२५ पट होते. आत जाणारा प्रकाशही जवळपास त्याच पटीने वाढतो. डोळ्यातला द्रव बाहेर जाण्याचा कोन अरुंद असेल, तर याच थेंबांनी काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. त्यामुळे थेंब घालण्याआधी डोळ्याचा पुढचा भाग तपासतात.

धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपिनही हेच करते, फक्त फार जास्त काळ. निंदणी करताना धोतऱ्याचा रस हाताला लागला आणि तोच हात डोळ्याला गेला, तर एकच बाहुली मोठी होते. डोक्याला मार लागल्यावरही एक बाहुली मोठी होणे हे गंभीर लक्षण असते. अशा वेळी ‘शेतात काय काम चालू होते?’ हा प्रश्न उपयोगी पडतो.

बाळंतपणात गर्भाशयाचे तोंड किती उघडले, हे तपासणारी व्यक्ती बोटांनी अजमावते आणि सेंटिमीटरमध्ये लिहिते. १० सेंमी म्हणजे पूर्ण. तासाला किमान १ सेंमी ही चाल अनेक दशके प्रमाण मानली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या शिफारशींत सक्रिय अवस्थेची सुरुवात ५ सेंमीपासून धरली आणि प्रत्येक स्त्रीला तासाला एक सेंटिमीटरची कसोटी लावू नये, असे सांगितले. हा बदल उशिराच झाला.

रक्तवाहिनीत रक्त संथ व एकसारखे वाहते असे मानले, आणि दाब व लांबी तीच राहिली, तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो: त्रिज्या दुप्पट, प्रवाह सोळापट. हृदयात हिशेब उलटा बसतो. कप्पा फुगला आणि भिंत पातळ झाली, की तोच दाब टिकवण्यासाठी भिंतीवर अधिक ताण येतो. विस्फारित हृदयस्नायुविकारात हृदय मोठे दिसते, पण दुबळे असते.

भूमितीत विस्फारण म्हणजे एक केंद्र धरून प्रत्येक बिंदूचे अंतर k पटीने बदलणे. कोन तेच राहतात, लांबी |k| पट आणि क्षेत्रफळ k² पट होते. k ची किंमत ०.५ असेल तर आकृती लहान होते, तरी गणित त्यालाही विस्फारणच म्हणते. वैद्यकाला हे पटणार नाही. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर जुना जालना आणि कादराबाद या भागांच्या मधून जाणाऱ्या कुंडलिका नदीची वळणे त्याच कोनांत दिसतात, पण नकाशावरचा १ चौरस सेंमी म्हणजे जमिनीवरचे २५ हेक्टर.

प्रतिमागणितातले विस्फारण वेगळे. फ्रान्समध्ये खनिजांचे छेद तपासताना जॉर्ज माथेरॉं आणि जाँ सेरा यांनी १९६४च्या सुमारास त्याचा पाया घातला. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यावर एक छोटा आकार ठेवून त्याने व्यापलेला सगळा भाग भरायचा. नंतर त्याच आकाराने कडा कोरून काढल्या, की मधल्या बारीक फटी बुजतात. दृष्टिपटलाच्या छायाचित्रात तुटक उमटलेल्या रक्तवाहिन्या जोडायला ही पद्धत वापरतात. बाहुलीचे विस्फारण करून काढलेल्या छायाचित्रावर संगणक पुन्हा विस्फारण करतो, ते असे.

सर्वांत अमूर्त अर्थ ऑपरेटर-सिद्धांतातला: लांबी न वाढवणारा ऑपरेटर (गणिती क्रिया) हा लांबी राखणाऱ्या मोठ्या ऑपरेटरचा एक कोपरा म्हणून पाहणे. ०.६ ही संख्या लांबी घटवते; पण (०.६, ०.८) आणि (०.८, −०.६) या ओळींच्या मॅट्रिक्सचा ती एक कोपरा आहे, आणि हे मॅट्रिक्स लांबी जशीच्या तशी राखते. पॉल हाल्मोस यांची ही १९५०ची रचना. मात्र तिचा वर्ग केला, की त्या कोपऱ्यात ०.३६ ऐवजी १ येतो. सर्व घात एकदम जुळवणारे विस्फारण बेला सोकेफाल्वी-नॉज यांनी १९५३मध्ये सिद्ध केले. एकमेकांशी क्रमनिरपेक्ष असणाऱ्या अशा दोन ऑपरेटरांसाठी ते त्सुयोशी आंदो यांनी १९६३मध्ये दाखवले. तीन ऑपरेटरांसाठी ते नेहमी शक्य नसते, हे १९७०मध्ये स्टीफन पॅरट यांच्या उदाहरणाने स्पष्ट झाले.