शुगरची सुरुवात कुठून होते?

गटाच्या बैठकीत शुगरचा विषय निघाला की एखादी बाई म्हणतेच, "तो तर बसून खाणाऱ्या जाड्या माणसांचा आजार. दिवसभर रोवणीत वाकणाऱ्यांना कशाला होईल?" डॉक्टरांच्या पुस्तकांतही बराच काळ असंच काहीसं लिहिलेलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना मात्र वेगळंच दिसत होतं. त्यांच्याकडे येणारे रुग्ण पुस्तकातल्यापेक्षा तरुण होते, आणि अंगानेही बारीक होते.

मग त्यांनी लहान मुलं तपासली. 1980च्या दशकाच्या अखेरीस केईएममध्ये जन्मलेली मुलं चार वर्षांची झाली, तेव्हा त्यांना साखरेचं पाणी पाजून रक्त तपासलं. जन्मताना कमी वजन असलेल्या मुलांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन जास्त वाढलं. इन्सुलिन म्हणजे साखर वापरायला शरीराला लागणारा रस. इंग्लंडचे डॉ. डेव्हिड बार्कर त्याच काळात सांगत होते, की मोठेपणीच्या आजारांची मुळं गर्भात असतात.

1993 साली याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. दोन हजारांहून जास्त विवाहित बायकांची नोंद झाली. त्या काय खातात, किती राबतात, किती पाणी वाहतात, हे सगळं लिहिलं गेलं. बाळं जन्मली तेव्हा त्यांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरलं. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन शहरातली बाळं साडेतीन किलोची होती. आपली बाळं हातापायांनी, पोटाने लहान होती, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबीदार.

मोठ्या माणसांतही हेच दिसतं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! काटा सगळं सांगत नाही, ते असं.

त्या सहा गावांतल्या नोंदींतून आणखी काही कळलं. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. फार कष्ट उपसणाऱ्या आयांची बाळं लहान होती. जवळपास दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. हे दूध, दही, अंडी, मासे, मटणातून मिळतं, भाजीभाकरीतून मिळत नाही. म्हणून 2012 पासून त्याच गावांत, तेव्हा जन्मलेल्या आणि आता वयात आलेल्या मुलामुलींना, आई-बाप होण्याआधीच बी-12 देऊन पाहण्याचं काम सुरू झालं.

यात आईला दोष द्यायचा नाही, मैत्रिणींनो. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? दूध डेअरीत गेल्यावर घरात किती उरतं? हे एकट्या आईच्या हातात नसतं. सासूने, नवऱ्याने, गटानेही ते बघायला हवं. आपला जिल्हा तलावांचा. मासे आहेत, पावसाळ्यात तरोट्याची भाजी बांधावर फुकट उगवते. नुसत्या भातावर पोट भरतं, पण बाळाचं अंग भरत नाही.

गरोदर बाईने दवाखान्यातून मिळालेल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या बंद करू नयेत. शुगरची तपासणी करून घ्यावी, बारीक असली तरी. आणि पुढच्या बैठकीत हिशोब झाला की एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या घरातली वयात आलेली मुलगी काल काय जेवली?