धुगधुगी आणि फुंकर

मराठीत धुकधुकी आणि धुगधुगी असे दोन शब्द आहेत. उच्चारात फरक अगदी थोडा. अर्थात मात्र धडधाकट माणूस आणि जवळजवळ गेलेला माणूस यांच्यातील अंतर सामावले आहे. धुकधुकी आपली आपल्यालाच जाणवते. धुगधुगी नेहमी दुसऱ्याने पाहावयाची असते. ‘अजून धुगधुगी आहे’ हे वाक्य ज्याच्याविषयी उच्चारले जाते त्याला ते ऐकू येत नसते. या दुसऱ्या शब्दाबरोबर एक प्रश्न अपरिहार्यपणे येतो: ती दिसली, तर पाहणाऱ्याने पुढे काय करावयाचे? या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे, आणि तो धाराशिव जिल्ह्यात उभे राहून पाहावयाचा आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर माणसे नुकतीच अंग टाकून निजली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि परिसरातील गावेही त्या भूकंपात बसली. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर माळवदाचे मातीचे ओझे, अशी ती घरे होती. माळवद खाली येते तेव्हा माणूस केवळ चेचला जात नाही. तो मातीत गुदमरतोही. ढिगारा उकरणाऱ्यांनी प्रत्येक देहाच्या नाकाशी हात नेऊन आधी जे शोधले असेल, ते धुगधुगीच. छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची विद्या तेव्हा तेहतीस वर्षांची झाली होती. पण आपल्या खेड्यांपर्यंत ती आलेली नव्हती. ती आली असती तर किती जण वाचले असते, याचा हिशेब मांडण्याचा मोह आम्ही टाळतो. चेचलेल्या देहापुढे या विद्येचे फारसे चालत नाही.

या विद्येचा जन्म थोडा गमतीचा आहे. विजेच्या धक्क्याने हृदयाची बिघडलेली लय मोडता येते हे १८९९ मध्ये जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत दिसले होते. १९४७ मध्ये क्लीव्हलंडचे शल्यचिकित्सक क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाच्या उघड्या हृदयाला धक्का देऊन त्याला परत आणले. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्युत अभियंता कौवेनहोवन आणि त्यांचे सहकारी बंद छातीवरून धक्का देण्याचे प्रयोग कुत्र्यांवर करीत होते. धक्का देण्यापूर्वीच, धक्क्याच्या जड तबकड्या छातीवर नुसत्या दाबल्या की कुत्र्याच्या धमनीतील दाब वाढतो, हे निकरबॉकर या तरुण सहकाऱ्याच्या ध्यानात आले. म्हणजे यंत्र शोधता शोधता हात सापडला. जुलै १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात वीस रुग्णांची हकीकत आहे. त्यांतील चौदा वाचले. पीटर सफार आणि जेम्स एलम यांनी तोंडाने तोंडात श्वास देण्याचे शास्त्र १९५० च्या दशकात सिद्ध केले होतेच. दाब आणि श्वास एकत्र आले आणि सीपीआर तयार झाला. १९६५ मध्ये बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी सुमारे सत्तर किलो वजनाचे धक्कायंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालवून रुग्णवाहिकेत चढवले. (आपल्या चित्रपटांत पडद्यावरची रेघ सरळ झाली की डॉक्टर धक्का देतात. सरळ रेघेला धक्का देण्यात काही अर्थ नसतो. धक्का लागतो तो थरथरणाऱ्या, लय हरवलेल्या हृदयाला.)

हा इतिहास प्रौढ माणसाचा आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. प्रौढ माणूस अकस्मात कोसळतो तेव्हा बहुधा आधी हृदय बिघडलेले असते. रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू असतो. ते रक्त फिरते ठेवले आणि धक्कायंत्र लवकर आले, तर माणूस परत येऊ शकतो. मुलांचे बहुतेक वेळा उलट असते. बुडणे, गुदमरणे, घशात काही अडकणे, न्यूमोनिया: आधी श्वास जातो आणि प्राणवायू संपल्यावर हृदय थांबते. म्हणूनच रीती वेगळ्या. प्रौढाच्या छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि तीस दाबांनंतर दोन श्वास. मुलाची छाती तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी दाबायची. तान्ह्याला दोन अंगठे पुरतात, खोली चार सेंटिमीटर; आणि मुलांसाठी मदतनीस दोन असतील तर पंधरा दाबांनंतरच दोन श्वास. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तर आधी श्वासच द्यावयाचा. छाती दाबण्याची वेळ क्वचित येते. धक्कायंत्रालाही मुलांसाठी कमी ऊर्जेच्या वेगळ्या पट्ट्या लागतात.

नवजात बाळाच्या बाबतीत आपल्याकडील परंपरा बाल्टिमोरपेक्षा फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, जन्मताच निपचित असलेल्या बाळाच्या कानांपाशी दगडावर दगड आपटावा, तोंडावर थंड किंवा ऊन पाणी शिंपडावे, तरीही हालचाल नसेल तर प्राण परत येईपर्यंत त्याला सुपाने वारा घालावा, असे सांगितले आहे. आमच्या आधीच्या पिढ्यांनी सुईणीला बाळाच्या कानाशी थाळी वाजवताना पाहिले आहे. ती थाळी त्या दगडांचीच नात म्हणावयाची. नाळ न कापता वार शेकण्याची रीतही होती. याला अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की अठराव्या शतकात लंडनमध्ये बुडालेल्या माणसाच्या गुदद्वारातून तंबाखूचा धूर भरीत असत, आणि ती त्या काळची सुशिक्षित वैद्यकी होती.

थाळी काही वेळा खरोखरच उपयोगी पडत असे, आणि नेमके तेथेच दुःख आहे. न रडणाऱ्या बाळांच्या दोन अवस्था असतात. पहिलीत बाळ नुसते अडखळलेले असते. पुसले, चोळले, आवाज केला, पाणी शिंपडले की ते श्वास घेते. दुसरीत कितीही थाळ्या वाजवा, उपयोग नसतो. फुप्फुसात बाहेरून हवाच घालावी लागते. बाहेरून पाहता दोन्ही बाळे सारखीच दिसतात. पहिल्या अवस्थेतील बाळे रडली की थाळीची कीर्ती वाढे. दुसऱ्या अवस्थेतील ‘मेलेलेच जन्मले’ म्हणून पुरली जात. परंपरा शतकानुशतके टिकली ती या गफलतीवर, असे आमचे मत आहे.

ही गफलत उलगडली ती आपल्याच महाराष्ट्रात, पण मराठवाड्यात नव्हे, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात खेड्यातील अर्धशिक्षित स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले आणि घरच्या बाळंतपणात सुईणीच्या शेजारी बसवले. श्वास देण्याची साधने टप्प्याटप्प्याने बदलत गेली: आधी तोंडाने तोंडात श्वास, मग नळी जोडलेला मुखवटा, आणि १९९९ पासून रबरी फुगा जोडलेला मुखवटा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबानुसार तीव्र गुदमर झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. तीव्र गुदमर होण्याचे प्रमाण मात्र फारसे बदलले नाही. म्हणजे संकट तेवढेच राहिले. पाहणाऱ्याच्या हाताला उत्तर मिळाले. फुग्याच्या काळात ताज्या मृतजन्मांची संख्याही उतरताना दिसली. ही घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरत नाही, हे संशोधकांनीच नोंदवले आहे. तरीही ती वाचताना आम्ही थांबलो. ‘मेलेले जन्मले’ या रकान्यातील काही बाळे मेलेली नसावीत.

स्त्रीच्या हाती वैद्यकी देण्याचा हा विचार धाराशिव जिल्ह्यालाही परका नाही. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ हे नाव देऊन आरोग्यसेवेत उभे केले. पुढे शासनाची ‘आशा’ आली, बाळंतपणे दवाखान्यांत होऊ लागली, आणि २००९ पासून नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात परिचारिकांना तो फुगा दाबावयास शिकवले जाऊ लागले. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली: ९३७ रुग्णवाहिका, त्यांतील २३३ प्रगत.

पण रुग्णवाहिकेला वेळ लागतो, आणि हात न लावलेल्या प्रौढाची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची सोपी रीत पुरस्कृत केली. श्वास देण्याचा संकोच आड येऊ नये, हा हेतू. शाळा-महाविद्यालयांतून होणाऱ्या प्रशिक्षणांत तीच शिकवली जाते. निर्णय शहाणपणाचा आहे. मात्र ही रीत प्रौढांसाठी आहे, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. आणि ज्या जिल्ह्यात विहिरी आणि शेततळी जागोजाग आहेत, तेथे पाण्यातून बाहेर काढलेल्या मुलाला हवा आहे तो श्वासच.

अशाच एका वर्गाला आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. तासभर रबरी छाती दाबून झाल्यावर एका बाईंनी विचारले, “लेकरू असलं तर, सर?” शिकवणाऱ्याने क्षणभर विचार करून पेटीच्या तळातून लहान बाहुली काढली, तिची मान किंचित मागे केली, तिचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या ओठांनी झाकले आणि गालांत मावेल तेवढीच हवा सोडली. बाहुलीची छाती उचलली. बाईंनी तिला मागून घेतले. पहिल्या खेपेला हवा बाजूने निसटली.